काकाजींचं रशियन नाणं: वर १७९३, खाली १७९६?

भिलईवाला_पुतण्या (शनिवार, रात्री १०:१४)

नमस्कार मंडळी. नाण्यांतलं मला शून्य कळतं, म्हणून आधीच माफी मागतो.

आमचे काकाजी साठच्या दशकात भिलईच्या पोलाद कारखान्यात होते. तेव्हा तिथं सोव्हिएत इंजिनियर मुक्कामाला असत. त्यांच्यातल्या एकानं मायदेशी परत जाताना काकाजींना आठवण म्हणून एक तांब्याचं नाणं दिलं. काकाजी गेल्या वर्षी गेले. परवा काकूनं ट्रंक आवरली तेव्हा ते निघालं आणि "तुलेच ठेव बाप्पा" म्हणून माझ्या हातात आलं.

हात खाली जातो एवढं जड आहे. सोनाराच्या काट्यावर ४९.६ ग्रॅम भरलं, रुंदी साधारण ४३ मिमी. एका बाजूला दोन डोक्यांचा गरुड, त्याच्या दोन्ही अंगांना आपल्या इंग्रजी ई आणि एमसारखी अक्षरं. दुसऱ्या बाजूला मुकुट, मोठं नक्षीदार अक्षर, भोवती पानांची माळ आणि १७ व ९३ असं दोन तुकड्यांत साल.

भानगड अशी की या सगळ्याच्या खाली आणखी काहीतरी आहे. गरुडाच्या पंखाखाली भलतीच मोठी अक्षरं अर्धवट दिसतात. त्याच्या शेपटीच्या पिसांत एक ६ आडवा पडल्यासारखा वाटतो. इथल्या एका नाणेवाल्याला दाखवलं तर म्हणाला, ठसा बिघडलाय, हजार रुपये देतो. फोटो टाकले आहेत. बिघडलंय का खरंच?

---

गप्पू_गोदावरी (रात्री १०:३१)

पन्नास ग्रॅम? अशी चार असती तर पाणी प्यायचं भांडं झालं असतं.

---

शंकासुर (रात्री १०:४०)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मला हे ओतीव, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेलं, नकली वाटतंय. खरं नाणं असं गचाळ नसतं. शिवाय तुम्ही म्हणता खाली ६ आहे. १७९६ साल खाली आणि १७९३ वर? आधीच्या सालाचं नाणं नंतरच्या सालाच्या नाण्यावर कसं छापणार? टांकसाळवाल्याला कॅलेंडर उलटं टांगायची सवय होती का?

---

ढब्बूपैसा (रात्री ११:५८)

पुतण्या, पहिलं काम: ते नाणं चिंचेनं, राखेनं, लिंबानं, कशानंही घासू नका. घरात कोणाला "जरा लख्ख करून ठेवते" असं वाटण्याआधी कपाटात ठेवा.

दुसरं म्हणजे हजाराला देऊ नका.

शंकासुर, प्रश्न अगदी नेमका आहे आणि उत्तर त्यातच आहे. वर १७९३ आणि खाली १७९६ हा या नाण्याचा दोष नाही, ओळखपत्र आहे. सविस्तर उद्या लिहितो. पुतण्या, तोवर एवढं करा. खोलीतले दिवे बंद करा. मोबाईलची बॅटरी नाण्याच्या बाजूनं, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा आणि नाणं हळूहळू गोल फिरवत दहाबारा फोटो काढा. वरून पडलेल्या उजेडात फक्त वरचा ठसा दिसतो. खालचा दिसायला तिरपा उजेड लागतो.

---

सांगलीकर_आबा (रविवार, सकाळी ६:२०)

मी शिवराया जमवणारा माणूस, रशिया माझा प्रांत नव्हे. पण "एकावर एक ठसा म्हणजे नकली" हे वाचून राहवेना.

शंकासुर, १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,०००हून जास्त नाणी, सगळी नहपान क्षत्रपाची. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली छाप मारलेली आहे. खाली नहपानाचं तोंड, वर सातवाहनाची टेकडी आणि उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना गोल असलेला क्रूस. नहपानाला कोणी हरवलं हे त्या गचाळ नाण्यांवरून कळतं. गचाळपणाच तिथं पुरावा झाला.

बाकी गरुड पाहून आमच्या देवळांवरचा गंडभेरुंड आठवला. चालू द्या.

---

ढब्बूपैसा (सकाळी ११:०५)

आबांनी माझं निम्मं काम केलं. आता रशिया.

तिथं तांब्याच्या नाण्यांचा हिशेब पुडावर चाले. एक पूड म्हणजे १६.३८ किलो. एका पुडातून किती रुबलांची नाणी पाडायची हे सरकार ठरवी. १७५७ साली, एलिझाबेथ राणीच्या काळात, तिच्या दरबारातल्या प्योत्र शुवालोव्हच्या योजनेनं १६ रुबलांचा दर आला. १६ रुबल म्हणजे १,६०० कोपेक, म्हणजे पुतण्याच्या नाण्यासारखी पाच कोपेकांची ३२० नाणी. भागाकार करा, एक नाणं ५१.१९ ग्रॅम. पुतण्याचं ४९.६ आहे, तेवढा फरक नेहमीचाच. तिथं एकेक नाणं तोलत नसत, पुडाचा हिशेब जमला की झालं.

आता १७६२. एलिझाबेथ गेली, तिसरा पीटर गादीवर आला. त्याला डेन्मार्कशी लढायचं होतं आणि खजिन्यात खडखडाट. त्यानं दर केला ३२ रुबल. म्हणजे तोच ५१ ग्रॅमचा तुकडा, पण आता पाचऐवजी दहा कोपेक! नवं तांबं खणायची गरज नाही. जुनी पाच कोपेक गोळा करा, त्यांवर दहाचा ठसा मारा, रात्रीत पैसा दुप्पट. एका बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज, दुसऱ्या बाजूला झेंडे, तोफा, ढोल. रशियन संग्राहक या नाण्यांना अजूनही 'बराबानी', म्हणजे ढोलच, म्हणतात.

सहा महिनेच झाले आणि त्याच्या बायकोनं, म्हणजे दुसऱ्या कॅथरीननं, त्याला गादीवरून खेचलं. तिनं दर परत १६ वर आणला. मग ढोलवाली दहा कोपेक गोळा झाली आणि त्यांवर पुन्हा पाचाचा ठसा.

आता पुढं चौतीस वर्षं जाऊ द्या. १७९६, म्हातारी कॅथरीन, प्लातोन झुबोव्ह तिचा लाडका. त्यानं नवी योजना काढली. काय असेल? बरोबर. दर ३२ रुबल, पाचाचे दहा! या वेळी एका बाजूला राणीचं नक्षीदार मुकुटधारी अक्षर, दुसऱ्या बाजूला अंकांत किंमत आणि १७९६. नोव्हेंबरात कॅथरीन वारली. मुलगा पॉल गादीवर आला, त्याचं आईशी कधी पटलं नव्हतं. त्यानं योजना रद्द केली आणि दहाची नाणी परत पाचाची करायला लावली.

आता शंकासुरांच्या कॅलेंडराकडे. पॉलनं या परतीच्या कामासाठी आपल्या नावाचं नवं पाच कोपेक काढलंच नाही. आईच्या काळाचा नमुना, आईचंच अक्षर आणि जुनीच सालं घातलेले ठसे वापरले. म्हणून १७९६च्या नाण्यावर १७९७ साली १७९३ची छाप पडली. याला 'पावलोव्हस्की पेरेचेकान' म्हणतात. आपण 'पॉलचा फेरठसा' म्हणू.

ई-एम म्हणजे येकातेरिनबुर्ग, उरलमधली टांकसाळ. या फेरठशांत १७९३ची ई-एम नाणी बरीच सापडतात. पण १७९३ ई-एम साधी, सरळ पाडलेलीही आहेत. नुसत्या सालावरून ठरत नाही, खालचं काहीतरी वाचता आलं पाहिजे.

---

गप्पू_गोदावरी (सकाळी ११:३०)

म्हणजे नवऱ्यानं पाचाचे दहा केले, बायकोनं दहाचे पाच केले. बायकोनं पाचाचे दहा केले, पोरानं दहाचे पाच केले. आमच्या चाळीतल्या बिऱ्हाडाची गोष्ट सांगताय का?

---

भिलईवाला_पुतण्या (दुपारी १:१२)

ढब्बूकाका, वाचून डोकं गरगरलं पण मजा आली. तिरप्या उजेडातले चौदा फोटो टाकले आहेत. सातवा आणि अकरावा बघा. सातव्यात गरुडाच्या डाव्या पंखाखाली दोन मोठी अक्षरं आहेत. एक इंग्रजी के, दुसरं लहान बी सारखं, पण डोक्याला डावीकडे शेपूट.

---

मॉस्को_रिटर्न (दुपारी २:४५)

मी नव्वदीत तिकडे डॉक्टरकी शिकले, अक्षरं वाचायला मदत करते.

शेपटीवालं बी म्हणजे रशियन 'कठीण चिन्ह', त्याला स्वतःचा उच्चार नसतो. क्रांतीपूर्वीच्या लिपीत व्यंजनानं संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी ते लावत. म्हणजे तुमच्याकडे 'कोपेक' शब्दाची शेपटी आहे, शेवटचा क आणि ते चिन्ह. गरुडाखालच्या पट्टीवरही 'पाच कोपेक' लिहिलंय आणि त्याच्या शेवटीही हीच दोन अक्षरं आहेत. मग आधी शंका हीच घ्यायला हवी की हा पट्टीचाच ठसा हलून दोनदा उमटला असेल. पण पट्टीवरची अक्षरं बारीक आहेत आणि ही जवळजवळ दुप्पट उंच. तेच अक्षर हललं असतं तर आकार तोच राहिला असता. ही दुसऱ्याच ठशाची आहेत.

अकरावा फोटो मी मोबाईलवर उलटा करून पाहिला. शेपटीतला तो आडवा ६ खराच ६ आहे. त्याच्या शेजारी, पिसांच्या मधे अडकलेला ९ आहे. दोघांची रेघ एका ओळीत येते.

---

ढब्बूपैसा (दुपारी ३:१०)

डॉक्टरताई, सलाम. लोक इथंच गोंधळतात म्हणून थोडं थांबतो.

ठसा दोनदा बसणं वेगळं आणि फेरठसा वेगळा. ठसा दोनदा बसला की तेच चित्र थोडं सरकून पुन्हा दिसतं. दोन पंख, दोन मुकुट, सगळं त्याच मापाचं. तिसरा प्रकार, मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आपटले की समोरच्या ठशाची उलटी, आरशातली सावली उमटते. फेरठशात खालचं चित्र सुलटच असतं, पण कुठल्याही कोनात. कारण कामगार नाणं ठशाखाली ठेवताना वर-खाली बघत नसे. म्हणून खालचं वाचायचं तर फोटो गोल फिरवत राहायचं. माझी युक्ती: वरच्या ठशात जिथं मोकळी जागा आहे तिथं आधी बघा. कडेजवळ, पंखाखाली, मुकुट आणि अक्षराच्या मधे. नव्या नक्षीच्या गर्दीत खालचं हरवतं, मोकळ्या जागेत नजरेला लवकर सापडतं.

पुतण्याच्या नाण्यात ९ आणि ६ एका ओळीत, शिवाय मोठ्या अक्षरांतली कोपेकची शेपटी. माझ्या मते विषय संपला. खाली १७९६चं दहा कोपेक आहे.

---

शंकासुर (दुपारी ४:००)

ठीक, १७९६ मान्य. पण ओतीव नकलेत हे सगळं जसंच्या तसं येतंच ना? साच्यात वरचा ठसाही उतरतो, खालचाही.

---

ढब्बूपैसा (दुपारी ४:२२)

उतरतो. या एका प्रश्नासाठी तुमचे कालचे शब्द माफ.

पण फेरठशाच्या नाण्याला एक वरदान आहे. खालचं चित्र प्रत्येक नाण्यात वेगळ्या कोनात, वेगळ्या ठिकाणी वाचलेलं असतं. म्हणजे प्रत्येक नाणं एकुलतं एक. बाजारात तुम्हाला दोन नाणी दिसली आणि दोन्हींत तोच ६ त्याच पिसाखाली त्याच कोनात असेल, तर निदान एक तरी ओतीव आहे, बहुधा दोन्ही. साध्या नाण्यात ही चाचणी करताच येत नाही.

बाकी नेहमीचं. भिंगानं कड बघा. कॅथरीनच्या पाच कोपेकच्या कडेवर तिरप्या रेघांची जाळी असते. फेरठशात ती कुठं कुठं दबते, पण कडेवरून सलग शिवण गेलेली असेल तर ओतीव. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, अक्षरांचे काठ साबणाच्या वडीसारखे मऊ, तरी शंका घ्यावी.

जाता जाता, या नाण्यांचे खोटे भाऊ त्या काळातही होते. १७८८ साली रशियाशी लढताना स्वीडनच्या तिसऱ्या गुस्ताव्हनं आवेस्ताच्या टांकसाळीत १७८७ सालाची ई-एम पाच कोपेक पाडून घेतली, शत्रूच्या मुलखात खर्चायला. तांबं चांगलं, वजनही जवळपास तेच. चूक झाली मुकुटात. रशियन शाही मुकुट मधून दुभंगलेला असतो, स्वीडिश कारागिरानं आपल्या सवयीचा राजमुकुट कोरला. आज ती नकली नाणी अस्सलपेक्षा महाग विकली जातात.

---

सांगलीकर_आबा (सायंकाळी ५:४०)

म्हणजे एकाच तांब्याच्या तुकड्यावर जास्तीत जास्त किती ठसे बसू शकतात?

---

ढब्बूपैसा (सायंकाळी ६:१५)

आबा, हा प्रश्न कोणी विचारेल याची मी वाटच बघत होतो.

मोठ्या नाण्याचं गणित: एलिझाबेथचं पाच, पीटरचं दहा, कॅथरीनचं पाच, १७९६चं दहा, पॉलचं पाच. म्हणजे पाच ठसे. हिशेबानं शक्य आहे, प्रत्यक्षात तळाचे दोन वाचता येणं म्हणजे दैवयोग.

पण मला लहान भाऊ जास्त आवडतो. १७२३ ते १७३० दरम्यान क्रूसाच्या नक्षीची पाच कोपेक निघाली. दर होता ४० रुबल पुडाला, म्हणजे एक नाणं २०.४८ ग्रॅम. एवढ्याशा तांब्याला पाच कोपेक किंमत म्हटल्यावर घरोघरी खोटी पाडायला लागले. सरकारनं वैतागून १७४० नंतर त्यांची किंमत टप्प्याटप्प्यानं उतरवली, पाचाचे चार, चाराचे तीन, तिनाचे दोन. मग १७५५ ते १७५७ या काळात त्यांच्यावर ढगांतल्या गरुडाचा ठसा मारून ती चक्क एक कोपेक केली. दर ८ रुबल, वजन तेच २०.४८. लगेच १७५७चा १६ रुबलांचा दर आला, तीच चकती दोन कोपेक झाली. १७६२ला पीटरनं ती चार केली. कॅथरीननं परत दोन केली.

पाच, एक, दोन, चार, दोन. धातूचा गुंज कमी-जास्त नाही.

यातली दोन कोपेक घेताना कड नक्की बघा. त्या एक कोपेक नाण्यांतल्या काहींच्या कडेवर टांकसाळीचं नाव अक्षरांत होतं. वरचा ठसा बदलला तरी कड कोणी पुसत बसलं नाही. मी एकदा फक्त कडेवरची चार अक्षरं बघून नाणं उचललं होतं. विकणाऱ्याला ते ओरखडे वाटले.

---

न्यूजर्सीचा_नाना (रात्री ९:०२)

धागा जबरदस्त. पुतण्याला सल्ला: नाणं इकडे अमेरिकेत पाठवा, तपासून सीलबंद डबीत घालून देतात, किंमत वाढते. मी सोय करतो.

---

ढब्बूपैसा (रात्री ९:२५)

नाना, भावना पोचली, पण नको. आपल्याकडे पुरावस्तूंचा १९७२चा कायदा आहे. १०० वर्षांहून जुनी वस्तू केंद्र सरकार किंवा त्यानं नेमलेली यंत्रणा सोडून कोणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्या व्याख्येत नाणी स्पष्ट आहेत. ते नाणं कुठल्या राजाचं याची सूट त्यात नाही. रशियातून आलं म्हणून मोकळं, असं होत नाही. कुरिअरवाल्याला "शोभेची वस्तू" सांगून पाठवणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

---

भिलईवाला_पुतण्या (रात्री ९:५०)

पाठवत नाही. पण एकदाचा आकडा सांगा ना कोणीतरी. काकू रोज विचारते.

---

मॉस्को_रिटर्न (रात्री १०:२०)

मी दोन वर्षांपूर्वी असाच एक पॉलचा फेरठसा इथल्याच एका संग्राहकाकडून ५,२०० रुपयांना घेतला. त्यात खालचं फक्त एक शून्य आणि अक्षराची वेलांटी दिसते. साल नाही. तुमचं त्याहून बरं आहे.

शिकत असताना तिकडच्या रविवारच्या जुन्या बाजारात अशी नाणी चादरीवर ढिगानं पडलेली असत, शिष्यवृत्तीतूनही परवडत. तेव्हा मी सामोवार, म्हणजे चहाचा रशियन बंब, घेतला. सामोवार गंजला. असो.

---

ढब्बूपैसा (रात्री ११:१०)

ताईंचा आकडा रास्त आहे. माझा अंदाज सहा ते नऊ हजार. तो कसा काढला ते सांगतो, कारण उद्या भाव बदलतील.

फेरठसा झालेल्या नाण्याला दोन गिऱ्हाइकं असतात आणि ती एकमेकांच्या उलट वागतात. पहिल्याला अल्बममध्ये दर सालाचं एक देखणं नाणं हवं असतं. त्याच्या लेखी तुमचं नाणं डागी, म्हणून तो किंमत पाडतो. तुमच्या नाणेवाल्यानं हेच केलं, तो लबाडच असेल असं मी म्हणत नाही. दुसरा गिऱ्हाईक खालच्या ठशासाठीच घेतो. त्याला खाली काहीतरी आहे एवढं पुरत नाही, काय आहे हे वाचता आलं पाहिजे. नुसत्या खडबडीला पैसे नाहीत. अक्षर ओळखता आलं की थोडे, साल वाचता आलं की चांगले. तुमच्याकडे ९६ आहे. पूर्ण १७९६ असतं तर मी दहाच्या वर बोललो असतो.

छापील सूचीतले भाव साध्या नाण्याचे असतात, ते इथं डोळे झाकून लावायचे नाहीत. आणि मूळ १७९६चं, फेरठसा न झालेलं दहा कोपेक दुर्मीळ, म्हणून "तुमच्याकडे ते आहे" असं कोणी चढवेल. तुमच्याकडे त्याची सावली आहे. बाजारात जी लखलखीत दहा कोपेक १७९६ दिसतात त्यांतही टांकसाळीनं पुढं हौशी लोकांसाठी मुद्दाम पाडून दिलेली बरीच आहेत, तिकडे त्यांना 'नोवोदेल' म्हणतात.

रंग तपकिरी, सारखा, हिरवी कीड कुठं नाही. हे तुमच्या बाजूनं. भिलईची हकिकत एका कागदावर लिहून नाण्यासोबत ठेवा. काकूंची सही घ्या.

---

शंकासुर (रात्री ११:२२)

नकली म्हटलेलं मागे घेतो. गचाळ म्हटलेलं नाही.

---

भिलईवाला_पुतण्या (सोमवार, संध्याकाळी ७:४०)

मंडळी, एक घोटाळा झालाय.

काकूकडे सही घ्यायला गेलो. सहा ते नऊ हजार ऐकून ती गप्प बसली, मग म्हणाली, "तो साहेब दोन देऊन गेला होता." दुसरं कुठंय विचारलं तर स्वयंपाकघरात गेली. गेली पन्नास वर्षं ती दुसरं नाणं मसाल्याच्या तराजूला पन्नास ग्रॅमचं वजन म्हणून वापरतेय. जिरं, मिरे, लोकर, सगळं त्याच्यावर तोललं. "बराबर भरते," म्हणते.

झिजलंय पुष्कळ. साल १७६३ आहे बहुतेक. पण बॅटरी तिरपी धरली तर राणीच्या अक्षराच्या बाजूला चार काड्यांसारखं काहीतरी दिसतं, खाली खूर असावेत असं.

---

ढब्बूपैसा (संध्याकाळी ७:४३)

फोटो टाका. आत्ता. आणि काकूंना म्हणावं, हळद लागली असेल तर राहू द्या, पुसू नका.

---

गप्पू_गोदावरी (संध्याकाळी ७:५०)

काकूंना आधी पन्नासचं एक वजन आणून द्या. उद्या फोडणी कशानं तोलतील?